चवीपुरतं मीठ, पण कुणाच्या चवीपुरतं?

पाकीटबंद खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांना, आणि त्यांच्यासाठी नियम ठरवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

सहा वर्षांपूर्वी माझ्या बाबांना स्ट्रोक आला. सकाळी दात घासताना उजव्या हातातून ब्रश खाली पडला, त्यांना वाटलं झोपेत हात दबला असेल, उचलला तर परत पडला, आणि आईला हाक मारायला गेले तर तोंडातून शब्दच धड फुटेनात. हॉस्पिटलमध्ये बीपी बघितलं तेव्हा वरचा आकडा १९० च्या पुढे होता. त्याआधी किती वर्षं बीपी चढलेलं होतं देव जाणे, कधी मोजलंच नव्हतं, कारण डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, माणूस ठणठणीत दिसत होता. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि कागदाच्या तळाशी एक ओळ लिहिली, मीठ कमी करा.

आईने ती ओळ अक्षरशः पाळली. टेबलावरची मिठाची डबी कपाटात गेली, भाजी-आमटीतलं मीठ निम्म्यावर आलं, आणि बाबांना एकट्यालाच वेगळं वाटू नये म्हणून आम्ही सगळेच अळणी जेवायला लागलो. स्ट्रोकनंतर बाबांना घास गिळायला त्रास व्हायचा म्हणून त्यांच्यासाठी मऊ, हलकं काहीतरी हवं असायचं, मग रोज संध्याकाळी पाकिटातलं सूप, सकाळी दुधात भिजवलेला ब्रेड, मधेच भूक लागली की बिस्किटं. पेशंटला चालेल असंच सगळं, असं आम्हाला मनापासून वाटत होतं. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तर बीपी म्हणावं तसं उतरलेलं नाही. डॉक्टर आईला म्हणाले, पथ्य नीट पाळताय ना? त्यांनी साधंच विचारलं होतं, पण आई तिथेच रडायला लागली, कारण तीन महिने ती एकेक चिमूट मोजत होती.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सुपाचं पाकीट उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचली. एका वाटीला ८०० मिलिग्रॅम सोडियम. मला तेव्हा सोडियम आणि मीठ यातला फरकही माहीत नव्हता. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, त्यात वजनाने साधारण ४० टक्के सोडियम असतं, म्हणून सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, एका वाटीत. मग ब्रेड, बिस्किटं, सॉस सगळ्यांचा हिशोब मांडला तर आईच्या हातून जेवढं मीठ पडत होतं त्याच्या जवळपास दुप्पट मीठ पाकिटांमधून बाबांच्या पोटात जात होतं. आईचं पथ्य पक्कं होतं, फक्त तिच्या हातात असलेलं मीठच थोडं होतं. हे पत्र त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.

आपल्याकडे कुठलीही पाककृती घ्या, शेवटी एक शब्द असतोच, मीठ चवीपुरतं. बाकी सगळ्याचं माप देतात, मिठाचं देत नाहीत, कारण ते करणाऱ्याने चाखून ठरवायचं असतं, खाणारा कोण आहे, लहान आहे का म्हातारा, आजारी आहे का धडधाकट, हे बघून. पाकिटातल्या पदार्थात हा निर्णय तुम्ही घेता. खाणारा कोण आहे ते न बघता, काही महिने आधी, कुठल्या तरी कारखान्यात. आणि मिठाची गंमत नाही तर अडचण अशी आहे की कमी पडलं तर वरून घालता येतं, पण एकदा पडलेलं मीठ परत काढता येत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे तुम्ही कमी घातलंत तर ज्याला हवं तो वरून घेईल, पण तुम्ही जास्त घातलंत तर ज्याला नको आहे त्याच्यापुढे काहीच रस्ता उरत नाही. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, बाकीचं पत्र फक्त ते का म्हणतेय एवढं सांगायला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम खावं, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, सपाट एक चमचाभर सुद्धा नाही. यात स्वयंपाकातलं, पाकिटातलं, हॉटेलातलं सगळं आलं. आणि त्याच संघटनेच्या अंदाजाने जगातला सरासरी माणूस खातो किती तर दिवसाला साधारण १०.८ ग्रॅम, म्हणजे दुपटीहून जास्त. हा आकडा डोळ्यासमोर आणायचा असेल तर हॉस्पिटलमधली सलाइनची एक लिटरची बाटली आठवा, त्यात ९ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे आपण सरासरीने रोज एका अख्ख्या सलाइनच्या बाटलीपेक्षा जास्त मीठ तोंडावाटे आत घेतोय, आणि किडन्यांनी ते रोज बाहेर टाकत बसायचं.

आत काय होतं ते मला एका डॉक्टरांनी फार सोपं करून सांगितलं. रक्तात सोडियमचं प्रमाण शरीराला एका ठरावीक पातळीवर ठेवावंच लागतं. जास्त मीठ खाल्लं की तहान लागते, पाणी प्यायलं जातं, सोडियम ते पाणी धरून ठेवतं आणि नळीतून वाहणारं रक्त वाढतं. नळी तेवढीच आणि पाणी जास्त, की दाब वाढणारच. किडनीला हे जादा मीठ बाहेर ढकलायला सुद्धा जरा जास्त दाब लागतो, तरुणपणी ती सहज ढकलते, पण हे वीस-तीस-चाळीस वर्षं रोज चाललं की रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होत जातात, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि मग एखाद्या दिवशी मेंदूतली एखादी बारीक नळी बंद पडते किंवा फुटते. काहींचं शरीर मिठाला जास्त संवेदनशील असतं, वय वाढलं, किडनी कमजोर झाली की आणखी. पण बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, हेच सगळ्यात वाईट. ३० ते ७९ वयातल्या साधारण १२८ कोटी लोकांना हाय बीपी आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज होता, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ते माहीतच नव्हतं. बाबा त्या निम्म्यातले एक होते.

वय वाढलं की बीपी वाढणारच असं आपण गृहीत धरून चालतो. मीही तेच म्हणायचे, साठी झाली ना आता. पण १९८८ मध्ये इंटरसॉल्ट नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३२ देशांमधल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून जास्त लोकांची २४ तासांची लघवी गोळा करून त्यातलं सोडियम मोजलं होतं आणि बीपीशी ताडून बघितलं होतं. त्यात अॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोकही होते, जे वेगळं मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचं बीपी आपल्या मानाने खूप कमी होतं, आणि मुख्य म्हणजे वयाबरोबर ते चढत नव्हतं. आता त्यांचं सगळं आयुष्यच वेगळं आहे, वजन, चालणं, खाणं सगळं, सगळं श्रेय मिठालाच देता येणार नाही हे मलाही कळतं. तरी म्हातारपण म्हणजे बीपी हे समीकरण काही निसर्गाने लिहिलेलं नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि फक्त मीठ बदलून बघितल्याचेही पुरावे आहेत. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात चारशेच्या वर लोकांना तयार जेवण दिलं, तेच लोक, तेच जेवण, फक्त सोडियमच्या तीन पायऱ्या, आणि मीठ एकेका पायरीने उतरलं तसं बीपीही उतरत गेलं. ज्यांना हाय बीपी होतं त्यांचं जास्त उतरलं, पण ज्यांना नव्हतं त्यांचंही उतरलं. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या जवळपास २१,००० लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाला, ज्यांना आधी स्ट्रोक आलेला होता किंवा वय जास्त असून बीपी हाय होतं असे लोक, निम्म्या खेड्यांना नेहमीचं मीठ आणि निम्म्यांना असं मीठ की ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे सोडियमऐवजी पोटॅशियम असलेलं मीठ, होतं. २०२१ मध्ये निकाल आला, बदललेलं मीठ खाणाऱ्यांत स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी हे वाचताना तुम्हाला तो एक आकडा वाटेल, मला बाबांचा हात आठवतो.

(इथे वाचणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीने सांगते, हे पोटॅशियमवालं मीठ किडनीचा आजार असलेल्यांनी, किंवा बीपीच्या काही गोळ्या अशा असतात की ज्याने पोटॅशियम वाढतं त्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, ते हृदयाला धोक्याचं ठरू शकतं. आणि गुलाबी मीठ, समुद्राचं जाड मीठ, डोंगरातलं मीठ वगैरे वगैरे, ते आरोग्याला चांगलं म्हणून जास्त पैसे देऊन आणू नका, सोडियम त्यातही जवळपास तेवढंच असतं आणि आयोडीन बहुतेकदा नसतं.)

आता कंपन्यांनो, तुमच्याशी थेट बोलते.

तुमचं नेहमीचं उत्तर मला माहितीये, लोकांनी स्वतः विचार करून खावं, निवड त्यांची आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत एका लहान अभ्यासात लोकांच्या पोटात जाणारं सोडियम येतं कुठून ते शोधलं तेव्हा ७७ टक्के तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांतून येत होतं, घरी शिजवताना घातलेलं ५ टक्के, आणि ताटात वरून घेतलेलं ६ टक्के. जगात सगळीकडे हेच प्रमाण आहे असं मी म्हणत नाही, जिथे अजून घरीच जास्त शिजतं तिथे जास्तीत जास्त मीठ घरातल्याच हाताने पडतं आणि तिथे घरच्यांनीच हात आवरायला हवा. पण जसजशी पाकिटं वाढतात तसतसा तो हात घरातून निघून तुमच्याकडे जातो. मग डबी कपाटात ठेवून किती उपयोग होणार? आणि कितीतरी पदार्थ असे आहेत की खाताना खारट लागतच नाहीत. चिप्स खारट लागतात, माणूस सावध असतो. ब्रेड, गोड बिस्किटं, केक, न्याहारीचे कुरकुरीत सिरियल, केचप यात मीठ आहे हे जिभेला कळतच नाही, वर खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर, पदार्थ टिकवायला घातलेली सोडियमची वेगवेगळी संयुगं, ते सोडियम तर मीठ या नावाने सुद्धा येत नाही. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये फार नसतं, पण माणूस रोज खातो, दोन-चार खातो, म्हणून कितीतरी देशांत मिठाच्या यादीत ब्रेड सगळ्यात वर असतो. जिभेला न कळणाऱ्या गोष्टीत माणसाने निवड करायची कशी, ते मला समजावून सांगा.

तुमचं दुसरं उत्तर असतं की मीठ कमी केलं तर चव जाईल, पदार्थ टिकणार नाही, तंत्राची अडचण आहे. काही पदार्थांत मिठाचं खरंच काम असतं हे मान्य, पीठ धरायला, चीज मुरवायला, मांसात पाणी धरून ठेवायला, बुरशी लांब ठेवायला. पण २०१२ मध्ये सहा देशांतल्या मोठ्या फास्ट फूड साखळ्यांच्या पदार्थांची तुलना प्रसिद्ध झाली, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका, आणि त्यात दिसलं की त्याच कंपनीचा तोच चिकनचा पदार्थ, ब्रिटनमध्ये १०० ग्रॅमला ०.६ ग्रॅम मीठ आणि अमेरिकेत १.६ ग्रॅम. तेच नाव, तेच चित्र, अडीच पटीहून जास्त मीठ. ब्रिटनमधल्या लोकांनी तो पदार्थ काही खायचा सोडला नव्हता. मग जिथे कुणी विचारत नाही तिथे जास्त घालायचं कारण तंत्राचं कसं असेल?

चवीचं म्हणाल तर चव शिकते आणि विसरतेही, हे आमच्या घरात आम्ही स्वतः अनुभवलंय. पहिले दोन-तीन आठवडे जेवण अगदी नकोसं व्हायचं, धाकटा भाऊ चिडून ताटावरून उठायचा, आणि दोन-अडीच महिन्यांनी असं झालं की बाहेरचं काही खाल्लं तर तेच खारट लागायला लागलं, आणि भाज्यांची आपापली चव कळायला लागली जी आधी मिठाखाली दबलेली असायची. अभ्यासातही हेच दिसलंय, मीठ कमी केल्यावर काही आठवड्यांत जिभेची आवड खाली सरकते. म्हणजे तुम्ही दरवर्षी थोडं थोडं उतरवलंत, आणि सगळ्यांनी एकदम उतरवलंत, तर गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही.

हे स्वप्नरंजन नाही, हे झालेलं आहे. ब्रिटनमध्ये तिथल्या अन्न मानक संस्थेने २००६ मध्ये ऐंशीहून जास्त प्रकारच्या पदार्थांना मिठाची टार्गेट ठरवून दिली, सक्ती नव्हती पण पाठपुरावा कडक होता, कोण करतंय कोण नाही ते लोकांसमोर यायचं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ब्रेडमधलं मीठ साधारण २० टक्क्यांनी उतरलं, बहुतेकांना कळलंही नाही. लोकांचं सरासरी मीठ ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर आलं आणि त्याच काळात सरासरी बीपी आणि स्ट्रोकचे मृत्यू दोन्ही खाली आले, त्यात औषधोपचार, सिगारेट कमी होणं यांचाही वाटा आहे, पण मिठाचा वाटा नाकारता येणार नाही. आणि मग २०११ मध्ये हे काम एका नव्या करारात गेलं जिथे कंपन्यांनी स्वतःच वचनं द्यायची आणि स्वतःच पाळायची. त्यानंतर मीठ उतरण्याचा वेग मंदावला. नियम करणाऱ्यांनी ही दोन्ही वर्षं, २००६ आणि २०११, शेजारी शेजारी ठेवून बघावीत असं मला फार वाटतं, कारण तोच देश, तेच लोक, त्याच कंपन्या, बदललं ते एवढंच की कुणीतरी मागे लागणं थांबलं.

फिनलंडची गोष्ट त्याहून जुनी. तिथल्या नॉर्थ कॅरेलिया भागात पुरुष हार्ट अटॅकने इतक्या लहान वयात जात होते की तिथल्या लोकांनीच सरकारकडे मदत मागितली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली तिथे मोठं काम सुरू झालं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मीठही हातात घेतलं, आणि १९९३ पासून तर जास्त मीठ असलेल्या पदार्थावर तसं स्पष्ट छापणं कायद्याने बंधनकारक केलं. मग झालं काय, कंपन्यांनी तो शिक्का नको म्हणून मीठच कमी केलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणजे लेबल वाचून किती गिऱ्हाइकं बदलली हा एक भाग झाला, पण लेबल लागेल म्हणून पदार्थच बदलला, आणि त्याचा फायदा ज्याला वाचताही येत नाही त्यालाही मिळाला. चिलीने २०१६ मध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळे अष्टकोनी शिक्के आणले, सोडियम जास्त असं सरळ लिहिलेले, लहान मुलालाही ओळखता येतील असे. दक्षिण आफ्रिकेने तर २०१३ मध्ये नियमच केला आणि २०१६ पासून लागू केला, ब्रेडपासून चिप्सपर्यंत कशात जास्तीत जास्त किती सोडियम चालेल याचा आकडा ठरवून. श्रीमंत देशांनाच जमतं असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

नियम करणाऱ्यांना माझी तक्रार कंपन्यांपेक्षा जास्त आहे. २०१३ मध्ये जगातल्या देशांनी मिळून ठरवलं होतं की २०२५ पर्यंत लोकांच्या खाण्यातलं मीठ ३० टक्क्यांनी कमी करायचं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आढावा घेतला तेव्हा सोडियमबद्दल सक्तीचे आणि सगळीकडून विचार केलेले नियम असलेले देश होते फक्त ५ टक्के. सोडियम जास्त खाण्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला साधारण १९ लाख, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. एखाद्या साथीने वर्षाला १९ लाख माणसं गेली असती तर तुम्ही रात्ररात्र बैठका घेतल्या असत्या. हे मरण घराघरात, एकेकटं, वेगवेगळ्या नावाने येतं, कुठे स्ट्रोक, कुठे हार्ट अटॅक, कुठे किडनी फेल, मृत्यूच्या दाखल्यावर मीठ असं कुणी लिहीत नाही, म्हणून घाई वाटत नाही.

तुमच्यासमोर कंपन्यांचे लोक येऊन सांगतील की मिठाबद्दल शास्त्रज्ञांतच एकमत नाही. हे मी लपवणार नाही, वाद आहे. काही मोठ्या अभ्यासांत खूप कमी मीठ खाणाऱ्यांमध्येही मृत्यू जास्त दिसले आणि त्यावरून मोठी खडाजंगी झाली. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत एकदाच घेतलेल्या लघवीच्या नमुन्यावरून दिवसभराच्या मिठाचा अंदाज बांधलेला होता, आणि तो अंदाज माणसामाणसात बराच चुकतो, शिवाय आधीच आजारी असलेला माणूस कमीच खातो त्यामुळे त्याचं मीठही कमी दिसतं. पण माझं म्हणणं असं की हा वाद खालच्या टोकाचा आहे, ५ ग्रॅम बरं का त्याहून थोडं जास्त बरं असा. दिवसाला ११-१२ ग्रॅम खाणाऱ्या माणसाने खाली यावं असं जागतिक आरोग्य संघटनेसकट बहुतेक आरोग्य संस्था सांगतात. आणि जग आज तिथे उभं आहे. आयोडीनची काळजीही पुढे करतात, ती खरी आहे, आयोडीन लागतंच, पण लोक मीठ कमी खायला लागले तर मिठातलं आयोडीनचं प्रमाण थोडं वाढवता येतं, जागतिक आरोग्य संघटना स्वतः म्हणते की दोन्ही कामं एकत्र चालू शकतात.

आणखी एक मुद्दा जो मला फार उशिरा कळला. आपल्याला वाटतं स्ट्रोक येतो तो खूप जास्त बीपीवाल्यांना, त्यांना शोधा, गोळ्या द्या, झालं. जेफ्री रोज नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की थोडा धोका असलेली माणसं इतकी प्रचंड असतात की एकूण आजारी पडणाऱ्यांत त्यांचीच संख्या जास्त भरते, म्हणून सगळ्या समाजाचा आकडा किंचित जरी खाली सरकला तरी वाचणारी माणसं खूप असतात. गोळी एकेकाला द्यावी लागते, आयुष्यभर, त्यासाठी आधी तो माणूस सापडावा लागतो, त्याच्याकडे पैसे लागतात, रोज आठवण लागते. पिठातलं मीठ कमी केलं तर त्यासाठी कुणाला काहीच आठवावं लागत नाही. बाबांना साठाव्या वर्षी गोळी मिळाली. त्याआधीची तीस वर्षं त्यांना फक्त थोडं कमी मीठ असलेला ब्रेड मिळाला असता तर काय झालं असतं याचं उत्तर माझ्याकडे नाही, एका माणसाबद्दल ते कुणीच देऊ शकत नाही, पण लाखो माणसांबद्दल देता येतं.

लहान मुलांबद्दल एवढंच म्हणते की जिभेची सवय तिथेच लागते. मुलांसाठी म्हणून कार्टून छापून विकलेल्या पाकिटात मोठ्यांएवढं मीठ घालू नका. यावर तरी वाद घालू नका.

आता मागणं. कंपन्यांनो, तुम्ही ज्या देशात सगळ्यात कमी मीठ घालून तो पदार्थ विकता, तोच आकडा सगळीकडे आणा, तुम्हाला तो बनवता येतो हे तुम्हीच दाखवलंय. नियम करणाऱ्यांनो, पदार्थागणिक कमाल सोडियम ठरवा, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तसे आकडे पदार्थांच्या प्रकारांनुसार काढून दिलेत, कोऱ्या कागदावरून सुरुवात करायची नाहीये, आणि ते सक्तीचे करा, म्हणजे जी कंपनी प्रामाणिकपणे कमी करते तिला शेजारच्या जास्त खारट पाकिटाची भीती राहणार नाही. मुदत द्या, दोन वर्षं, चार वर्षं, पायऱ्या पायऱ्यांनी, पण तारीख लिहून द्या. दरवर्षी बाजारातली पाकिटं उचलून लॅबमध्ये तपासा आणि नावानिशी जाहीर करा. शाळा, हॉस्पिटल, वृद्धाश्रम, जिथे माणूस समोर येईल तेच खातो, तिथल्या जेवणाला आधी नियम लावा. आणि हॉस्पिटलवाल्यांनो, डॉक्टरांनो, तुम्हालाही एक विनंती, मीठ कमी करा असं लिहिताना त्याखाली आणखी एक ओळ लिहा, पाकिटातलं काय काय खाता ते सांगा. आम्हाला ती ओळ तीन महिने उशिरा मिळाली.

लेबलबद्दल वेगळं सांगते कारण तिथे माझा स्वतःचा फार वेळ गेलाय. कुणी मीठ लिहितं, कुणी सोडियम लिहितं. कुणी १०० ग्रॅमला लिहितं, कुणी एका सर्व्हिंगला, आणि सर्व्हिंग म्हणजे किती तर पाकिटाचा चौथा हिस्सा, जे पाकीट एक माणूस एका बैठकीत संपवतो. सर्व्हिंगला ३०० मिलिग्रॅम सोडियम वाचून माणूस निश्चिंत होतो, प्रत्यक्षात पाकीट संपवलं की १२०० मिलिग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम मीठ, दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. बीपीच्या पेशंटने दुकानात उभं राहून अडीचने गुणायचं, मग चारने गुणायचं, मग दोन हजाराशी ताडायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

बाबा आता चालतात, बोलणं बरंचसं परत आलंय, बीपी गोळी आणि खाणं मिळून १३० च्या आसपास राहतं. उजव्या हाताने शर्टाचं बटण अजून लागत नाही. दुकानात आमच्याबरोबर येतात, डाव्या हातात पाकीट धरतात, आणि मागचं वाचायला मला सांगतात कारण चष्मा लावूनही त्यांना ती अक्षरं दिसत नाहीत. पाकिटाच्या पुढच्या बाजूला, जिथे तुम्ही तुमचं नाव छापता तिथेच, अख्ख्या पाकिटात मीठ किती आहे ते ग्रॅममध्ये छापा, त्यांना मला विचारावं लागणार नाही एवढ्या मोठ्या अक्षरात.

तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

एका बीपीच्या पेशंटची मुलगी